द्वीपांचे सूर आणि राजधानीचा कान

इंडोनेशियाचे नाव निघाले की आपल्याकडच्या सुशिक्षित वाचकाच्या मनश्चक्षूंपुढे बोरोबुदूरचा स्तूप, प्रांबाननची मंदिरे आणि चामड्याच्या बाहुल्यांच्या छायेतून रात्रभर रंगणारे महाभारत हीच चित्रे उभी राहतात, आणि ती खोटी आहेत असे कोणी म्हणणार नाही. परंतु सागरापलीकडच्या त्या मुलखात आपलीच पदचिन्हे शोधत हिंडण्याची जी सवय 'बृहत्तर भारता'च्या अभिमानाने आपल्याला लावली, तिचा एक परिणाम असा झाला की, तेथील माणूस आज बसमध्ये, लग्नाच्या मांडवात, बाजारात आणि निवडणुकीच्या सभेत काय ऐकतो, कशावर नाचतो व कोणत्या विनोदाला हसतो, याविषयी आपल्या भाषेत फारसे लिहिले गेले नाही. ही उणीव काही अंशी तरी दूर व्हावी या हेतूने सिद्ध झालेल्या प्रस्तुत ग्रंथाला चार शब्द जोडण्याचे काम माझ्याकडे आले आहे. विषय नवा असल्यामुळे ते शब्द चारावर थांबणार नाहीत, याची वाचकाने आधीच तयारी ठेवलेली बरी.

१७,००० हून अधिक बेटे, ७०० हून अधिक भाषा, २०२० च्या जनगणनेप्रमाणे २७ कोटी लोकवस्ती आणि तिच्यातील निम्म्याहून अधिक माणसे एकट्या जावा बेटावर. धर्माने बहुसंख्य मुसलमान, पण बालीत हिंदू, फ्लोरेसमध्ये कॅथलिक, बाताक लोकांच्या डोंगराळ प्रदेशात व पापुआत प्रॉटेस्टंट, अशी या राष्ट्राची मांडणी आहे. डच अंमलाविरुद्ध उभ्या राहिलेल्या तरुणांनी ऐक्यासाठी जी भाषा निवडली ती सर्वाधिक लोकांची जावानीज नसून बंदरोबंदरीच्या व्यापाऱ्यांच्या तोंडची मलय होती, ही गोष्ट या ग्रंथाच्या विषयाशी फार निकटची आहे. कारण नाटक मंडळ्या, ध्वनिमुद्रिका आणि पुढे रेडिओ यांनाही प्रांत ओलांडून जायचे तर याच भाषेचा आश्रय करावा लागला. २८ ऑक्टोबर १९२८ रोजी बटाव्हियातील, म्हणजे आजच्या जाकार्तातील, ज्या युवक परिषदेत एका भाषेची प्रतिज्ञा झाली, त्याच परिषदेत वागे रुडोल्फ सुप्रातमान यांनी व्हायोलिनवर एक धून वाजवली. सरकारची नजर असल्यामुळे तिचे शब्द गाळावे लागले. तीच धून पुढे राष्ट्रगीत झाली. सुप्रातमान पेशाने बातमीदार होते आणि तत्पूर्वी मकास्सर येथे जाझ वाद्यवृंदात वाजवीत असत. म्हणजे राष्ट्राची सनद लिहिली जाण्यापूर्वी १७ वर्षे त्याचे गीत तयार होते, आणि ते करमणुकीच्या धंद्यात वावरलेल्या एका माणसाने बांधलेले होते.

या योगायोगाला मी योगायोग मानीत नाही. इंडोनेशियाच्या लोकप्रिय संगीताचा गेल्या शतकभराचा इतिहास जो कोणी सलग वाचील त्याला त्यात एकाच हालचालीची पुनरावृत्ती आढळेल: बंदरातल्या किंवा झोपडवस्तीतल्या गल्लीत जन्मलेले, प्रतिष्ठितांनी नाक मुरडलेले गाणे हळूहळू वर चढत राजवाड्याच्या दारापर्यंत जाते, दारात त्याची झडती होते, आणि आत प्रवेश मिळण्यापूर्वी काही शब्द, काही हावभाव व काही माणसे त्याला बाहेर ठेवावी लागतात. आत गेलेल्या गाण्यांचा गौरव करणारी पुस्तके पुष्कळ झाली. बाहेर राहिलेल्यांची नोंद ठेवणारी थोडी.

या चढणीवर प्रथम गेले ते क्रोंचोंग. १६४१ मध्ये डचांनी पोर्तुगीजांकडून मलाक्का जिंकून घेतल्यावर तेथील आणि पोर्तुगीजांच्या इतर ठाण्यांतील, म्हणजे बंगाल, कोरोमंडल, मलबार व आपला गोवा या किनाऱ्यांवरील, पोर्तुगीज बोलणारे बंदिवान आणि गुलाम बटाव्हियात आणले गेले. धर्मांतर करून मुक्त झालेल्यांपैकी काही कुटुंबे शहराच्या ईशान्येस तुगू येथे १६६१ च्या सुमारास वसली, आणि त्यांच्या छोट्या तंतुवाद्यांच्या झंकारातून ही गानपद्धती उपजली असे परंपरा सांगते. गोमंतकीय वाचकाला हे ऐकताना आपल्या मांडोची आठवण झाली तर ती अस्थानी नाही. दोन्हीकडे गिटारजातीची वाद्ये व युरोपीय स्वरमेळ त्याच जहाजांतून उतरले, मात्र मांडो भाटकारांच्या दिवाणखान्यात वाढला आणि क्रोंचोंग रस्त्यावर. रात्री गिटार घेऊन खिडक्यांखाली गात फिरणाऱ्या उडाणटप्पू तरुणांना बटाव्हियात 'क्रोंचोंगच्या मगरी' म्हणत, आणि अब्रूदार घरांतून मुलींना त्यांच्यापासून दूर ठेवले जाई.

त्या गाण्याला रंगभूमीवर आणले नाटक मंडळ्यांनी, आणि येथे मुंबईचा संबंध येतो. मुंबईहून निघालेल्या पारशी नाटक मंडळ्या एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पिनांग, सिंगापूरपर्यंत दौरे काढीत. रंगवलेले पडदे, परीकथा, मध्येच गाणे आणि यांत्रिक चमत्कार हा त्यांचा सगळा सरंजाम पाहून मलय मुलखात 'बांगसावान' नावाचा नाट्यप्रकार निघाला, आणि १८९१ मध्ये सुराबायात ओग्युस्त माहियू या मिश्रवंशीय नटाच्या नेतृत्वाखाली 'कोमेडी स्तांबुल' मंडळी उभी राहिली. आपल्या संगीत नाटकाच्या उत्कर्षकाळाशी समकालीन असलेल्या या मंडळीच्या खेळांत अरबी कथा, युरोपीय ऑपेरा व क्रोंचोंगच्या चाली एका रात्रीत नांदत. पुढे १९२६ मध्ये निघालेल्या 'दार्दानेला' मंडळीने समकालीन सामाजिक विषय रंगमंचावर आणले आणि ती दौऱ्यावर हिंदुस्थानातही येऊन गेली.

१९४० मध्ये सोलो शहराच्या गेसांग या स्वयंशिक्षित गायकाने आपल्या नदीवर 'बेंगावान सोलो' हे गीत रचले. १९४२ ते १९४५ या जपानी अंमलात पाश्चात्त्य संगीतावर निर्बंध आल्याने क्रोंचोंगला आयतीच मोकळीक मिळाली, जपानी सैनिक ते गीत मायदेशी घेऊन गेले, आणि स्वातंत्र्ययुद्धाच्या धुमश्चक्रीत इस्माइल मार्झुकींसारख्या रचनाकारांनी त्याच वळणावर देशभक्तीची व विरहाची गाणी बांधली. अशा रीतीने मगरींचे गाणे राष्ट्राचे गाणे ठरले. तुगूच्या वस्तीचे नाव मात्र या गौरवकथेत दीर्घकाळ तळटीपेपुरते उरले.

आता विचारांच्या घराण्यांविषयी दोन शब्द; कारण नवख्या वाचकाला मतमतांतरांची वाट ठाऊक नसेल तर ग्रंथातील वाद अकारण वाटतील. डच संगीतशास्त्रज्ञ याप कुन्स्ट यांनी गामेलान या पारंपरिक वाद्यवृंदाचा जो अभ्यास केला त्याचे ऋण मोठे आहे, परंतु त्या अभ्यासाला शुद्धतेचा ध्यास होता आणि क्रोंचोंगसारखे संकर त्यांना दूषण वाटत. १९३० च्या दशकातील 'संस्कृतीविषयक वादा'त सुतान तकदीर अलिशहबाना यांनी पश्चिमेकडे पाहण्याचा आग्रह धरला, तर प्रतिपक्षाने पौर्वात्य वारसा पुढे केला. १९४५ च्या राज्यघटनेच्या ३२ व्या कलमाच्या विवरणात यावर तडजोड निघाली: राष्ट्रीय संस्कृतीत प्रादेशिक संस्कृतींच्या 'शिखरां'चा समावेश होईल. हे सूत्र शिक्षणतज्ज्ञ की हाजार देवांतारा यांच्या विचाराशी जोडले जाते. वरवर उदार दिसणाऱ्या या सूत्राने गामेलान, बालीचे नृत्य व वायांग हा छायाबाहुल्यांचा खेळ यांना मानाचे पाट मिळाले. ज्या गोष्टी शिखरावर न होता दोन प्रांतांच्या सरमिसळीत, बाजारात व बंदरात होत होत्या त्यांना कोणत्या रकान्यात बसवावे, हे सरकारी दप्तराला अखेरपर्यंत उमगले नाही. लोकप्रिय संगीत हे कोणत्याही एका प्रांताचे शिखर नसते. डाव्यांच्या 'लेक्रा' या संघटनेने जनतेची कला म्हणून लोकगीतांना उचलले, पण पाश्चात्त्य नाचगाण्यांविषयीचा तिचा तिटकारा राष्ट्रवाद्यांइतकाच कडवा होता. देशी-विदेशी अभ्यासक बाजारू गाण्यांकडे गांभीर्याने वळले ते १९८० च्या दशकापासून.

दप्तराची ही अडचण १९५९ नंतर हुकुमात उतरली. त्या वर्षीच्या १७ ऑगस्टच्या भाषणात राष्ट्राध्यक्ष सुकार्नो यांनी साम्राज्यशाहीला विरोध करणाऱ्या तरुणांनीच रॉक अँड रोलवर कसे नाचावे, असा सवाल करून त्या संगीताची 'ङाक-ङिक-ङोक' अशी संभावना केली. सोलो येथे १९५६ मध्ये निघालेली 'लोकानांता' ही सरकारी ध्वनिमुद्रिका कंपनी प्रांतोप्रांतीचे संगीत मुद्रित करून रेडिओला पुरवीत होती, आणि प्रादेशिक गाण्यांना उत्तेजन हे धोरणच होते. त्या धोरणाचा अनपेक्षित लाभ असा की सुमात्राच्या मिनांग गाण्यांना लॅटिन अमेरिकन ठेक्यांची जोड देणारा 'ओर्केस गुमारांग' वाद्यवृंद देशभर गाजला. म्हणजे परकीय ठेका स्थानिक पोशाखात बिनदिक्कत आत शिरला. सगळेच इतके चतुर नव्हते. तुबान गावचे कुस बंधू बीटल्सची गाणी वाजवीत म्हणून १९६५ मध्ये त्यांना अटक झाली व जाकार्ताच्या ग्लोदोक तुरुंगात तीन महिने काढावे लागले. २९ सप्टेंबरला ते सुटले. त्यानंतरच्या दुसऱ्या रात्री एका उठावात लष्कराच्या सेनापतींच्या हत्या झाल्या आणि ज्या राज्याने त्यांना पकडले होते तेच ढासळू लागले. नव्या नावाने, 'कुस प्लुस' म्हणून, ते पुढच्या दशकाचे सर्वांत आवडते गायक झाले.

सत्तांतराने एकाला मोकळे रान दिले आणि दुसऱ्याला गाडले. पूर्व जावाच्या टोकाला बान्युवांगी जिल्ह्यात मुहम्मद आरीफ यांनी जपानी अंमलातील उपासमारीच्या दिवसांत 'गेंजेर-गेंजेर' हे गीत रचले होते. त्याचा विषय एवढाच की, एरवी गुराढोरांच्या वाट्याची पाणथळातली भाजी बाजारात येते व माणसांच्या ताटात शिजते. १९६० च्या दशकाच्या आरंभी बिंग स्लामेत व लिलिस सुर्यानी यांच्या आवाजांत ते घरोघर पोहोचले आणि कम्युनिस्ट पक्षाच्या मेळाव्यांतही गाजू लागले. १९६५ च्या ऑक्टोबरनंतर, लाखो माणसांचा बळी घेणाऱ्या कम्युनिस्टविरोधी हत्याकांडाच्या काळात, लष्कराने अशी वदंता पसरवली की सेनापतींचा छळ करताना स्त्रिया हेच गाणे म्हणत होत्या. गाण्यावर बंदी आली, आरीफ यांना पकडून नेले, ते परतले नाहीत. पुढे १९८४ मध्ये सरकारने काढलेल्या, आणि १९९७ पर्यंत दर सप्टेंबरात दूरदर्शनवर दाखवल्या जाणाऱ्या चित्रपटातही हेच गाणे त्या काल्पनिक क्रौर्याच्या प्रसंगी वाजते. भाजीविषयीच्या गाण्याची भीती बाळगत एक पिढी वाढली. सेन्सॉरशाहीच्या इतिहासात याला तोड क्वचितच सापडेल.

दांगदुत या लोकप्रिय संगीतप्रकाराकडे मी जरा सविस्तर येतो, कारण ग्रंथाचा गाभा तेथे आहे आणि मराठी वाचकाचे कानही तेथेच टवकारतील. सुमात्रा व मलाया किनाऱ्यावरील 'ओर्केस मलायू' वाद्यवृंदांत अरबी ऊद, हार्मोनियम, व्हायोलिन असा जथा पूर्वीपासून होता. १९५० च्या दशकात हिंदी चित्रपटांचा पूर लोटला, तो इतका की १९५७ मध्ये तेथील निर्मात्यांनी परदेशी आयातीच्या व सरकारी अनास्थेच्या निषेधार्थ आपले स्टुडिओच बंद ठेवले. चित्रपट आले तसे त्यांचे संगीतही आले. तबल्याची बोटे जावातल्या गेंदांगवर उतरली, बासरीचे काम सुलिंग करू लागली, आणि एल्या खादाम यांचे 'भारतातील बाहुली' या अर्थाचे गीत गाजले तेव्हा त्यातला अनुकार लपवण्याची कोणालाच गरज वाटली नाही. मुंबईत ध्वनिमुद्रित झालेल्या चालींवर तेथे नवे मलय शब्द बसवले जात, आणि मंगेशकर भगिनींच्या गळ्यातल्या हरकती ज्यांना हिंदीचे अक्षर कळत नव्हते अशा गायिका निष्ठेने घोटीत. आपल्याकडचे काही टीकाकार यावर 'चोरी' असा शिक्का मारतील. ज्या मुंबईने स्वतः जगभरच्या चाली आपल्याशा केल्या, तिच्या वतीने फिर्याद दाखल करण्याचा हक्क आपल्याला कितपत पोचतो, हे त्यांनीच ठरवावे.

ढोलक्याच्या बोलावरून उच्चभ्रूंनी कुचेष्टेने ठेवलेले नाव मिरवणाऱ्या या संगीताला आजचे रूप दिले ते रोमा इरामा यांनी. १९४६ साली तासिकमलाया येथे जन्मलेल्या या गायकाने १९७० मध्ये 'सोनेता' वाद्यवृंद स्थापून रॉकची विद्युत गिटार, मोठे ध्वनिक्षेपक आणि नाट्यमय वेशभूषा गेंदांगच्या ठेक्यावर चढवली, आणि शब्दांत जागरण, जुगार, गरीब-श्रीमंत व अल्लाची आठवण हे विषय आणले. मनोरंजनाने उपदेश करावा आणि उपदेशाने घाम येईतो नाचायला लावावे, ही किमया त्यांना साधली. १९७७ च्या निवडणुकीत त्यांनी सरकारी गोल्कर पक्षाऐवजी इस्लामी 'पेपेपे' पक्षाचा प्रचार केला. परिणामी सुमारे दशकभर सरकारी दूरदर्शनचे दार त्यांना बंद राहिले. मैदाने भरतच होती. १९९७ मध्ये तेच रोमा गोल्करच्या मांडवात दिसले आणि तोवर मंत्रीही दांगदुतला राष्ट्राचे संगीत म्हणू लागले होते. माझ्या मते त्यांची श्रेष्ठ गाणी दार बंद होते त्या काळातली आहेत. ग्रंथकर्त्याचे मत याहून सौम्य आहे.

सुकार्नोंनंतर सत्तेवर आलेल्या सुहार्तोंच्या 'नव्या व्यवस्थे'त कॅसेटने जे घडवले ते कोणत्याही धोरणाने घडवले नसते. मुद्रण स्वस्त झाले, नकला त्याहून स्वस्त झाल्या, आणि सुंदा, बाताक, मिनांग, आंबोन अशा प्रत्येक मुलखाची भाषिक बाजारपेठ उभी राहिली. बांडुंगमध्ये गुगुम गुंबिरा यांनी गावच्या नाचातून 'जायपोंगान' सिद्ध केले ते याच वातावरणात. झडती थांबली नव्हती. १९६७ च्या अध्यक्षीय फर्मानाने चिनी वंशीयांचे सण व सार्वजनिक कलाप्रदर्शन कोंडले गेले, ते फर्मान २००० मध्ये राष्ट्राध्यक्ष अब्दुर्रहमान वाहिद यांनी रद्द केले. १९८८ मध्ये माहितीमंत्री हार्मोको यांनी 'रडकी गाणी' राष्ट्राचा हुरूप खचवतात म्हणून दूरदर्शनवर नकोत असे फर्मावले. आणि पापुआत, १९७८ मध्ये स्थापन झालेल्या 'मांबेसाक' मंडळीतून तेथील अनेक भाषांची गाणी जमवून कॅसेटवर आणणारे अर्नोल्ड आप यांना १९८३ मध्ये पकडण्यात आले व पुढील एप्रिलमध्ये ते गोळीने मारले गेले. घटनेतील 'प्रादेशिक शिखरां'ना उत्तेजन देणाऱ्याच राज्यात, सरकारी विद्यापीठाच्या वस्तुसंग्रहालयाचा हा प्रमुख होता.

रंगभूमी व विनोद यांचा परामर्श ग्रंथात तुलनेने त्रोटक आहे. पुरुषांनीच स्त्रीभूमिका करायच्या आणि पहिल्या तासातच सत्तेची टिंगल करून घ्यायची, या बाबतीत पूर्व जावाचा 'लुद्रुक' आपल्या तमाशाच्या वगाला इतका जवळचा आहे की, जपानी अंमलात एका बोचऱ्या द्विपदीपायी तुरुंगवास भोगून १९४४ मध्ये मृत्यू पावलेले चाक दुरासीम यांचे चरित्र मराठीत स्वतंत्रपणे यावे असे वाटते. 'श्रीमुलात' या हास्यमंडळीला मात्र न्याय मिळाला आहे.

१९९८ मध्ये सुहार्तो गेल्यावर झडतीचे काम सरकारकडून जनमताकडे गेले. २००३ मध्ये पूर्व जावाच्या इनुल दारातिस्ता या गायिकेचा कंबर फिरवण्याचा नाच चोरट्या तबकड्यांतून देशभर गेला. मौलवींनी व खुद्द रोमा इरामांनी तिची निंदा केली, माजी अध्यक्ष वाहिद तिच्या पाठीशी उभे राहिले, आणि त्या गदारोळाचे पडसाद २००८ च्या अश्लीलताविरोधी कायद्यापर्यंत उमटले. दुसरीकडे हिजाब घालून नऊ जणी आधुनिक वाद्यांवर धार्मिक गीते गातात अशी सेमारांगची 'नसीदा रिया' मंडळी १९७५ पासून कोणाला खटकली नाही, आणि हिजाब घातलेल्याच गारुतच्या तीन मुली हेवी मेटल वाजवू लागल्या तेव्हा पुष्कळांना खटकल्या. त्या २०२४ मध्ये ग्लॅस्टनबरीच्या महोत्सवात गाऊन आल्या. शालीनतेची फूटपट्टी वस्त्रांवर नसून आणखी कशावर तरी लावली जाते, हे त्यातून दिसते. रस्त्यावर गाऊन पोट भरलेले दीदी केंपोत जावानीज भाषेत प्रेमभंगाची गाणी लिहीत. ती सुरिनाममधल्या जावानीज वसाहतीपर्यंत पोचली होती, पण जाकार्ताच्या शिकलेल्या तरुणांनी २०१९ मध्ये त्यांना 'भग्नहृदयांचा गॉडफादर' म्हणून डोक्यावर घेतले, आणि पुढच्याच वर्षी मे महिन्यात ते वारले. १७ ऑगस्ट २०२२ रोजी राष्ट्राध्यक्षांच्या प्रासादात एका बारा वर्षांच्या मुलाने जावानीज दांगदुत गायले व मंत्री, सेनाधिकारी नाचले. तो मुलगा बान्युवांगीचा होता. आरीफांच्या जिल्ह्यातला गायक राजवाड्यात गेला, आरीफांचे गाणे अजून गेले नाही.

प्रस्तुत ग्रंथ हा या सगळ्याचा कोश नव्हे, आणि तसा दावाही त्यात नाही. कालक्रमाऐवजी ठिकाणांच्या क्रमाने, म्हणजे बंदर, नाटकगृह, रेडिओ केंद्र, तुरुंग, मैदान, कॅसेटचे दुकान व मोबाइलचा पडदा अशा मांडणीतून, एकच गाणे वेगवेगळ्या जागी वेगवेगळे कसे ऐकले जाते हे दाखवण्याचा त्याचा प्रयत्न आहे. या पद्धतीमुळे काही माणसे दोनदोनदा भेटतात; ती पुनरुक्ती सोसण्यासारखी आहे. गीतांचे भाषांतर न छापता आशय सांगण्याची तजवीज केली आहे, ती मला पटते; कारण शब्दांहून ठेका ज्यांत अधिक बोलतो अशा गाण्यांची कागदावरची भाषांतरे वाचकाला केवळ अवमानित करतात. पूर्वेकडील बेटांविषयी, विशेषतः तिमोर व पापुआविषयी, पाने कमी पडली आहेत, आणि हा दोष एकट्या ग्रंथकर्त्याचा नाही. छापील साधने जावात साठली आहेत. वाचकाने गाणी ऐकत ऐकत वाचावे, आणि शक्य तर आरंभ तुगूच्या क्रोंचोंगपासून न करता मधल्या, तुरुंगाच्या प्रकरणापासून करावा, एवढीच माझी सूचना आहे. बंदराचे प्रकरण त्यानंतर वाचले की त्यातील खिडकीखालचे तरुण अधिक स्पष्ट दिसू लागतात.